येत्या बुधवारी

मामा, आपल्या कॉलेजचा फलक अजून मीच लिहिते. आता त्याला खडू लागत नाही. जिन्याखालचा काळा फळा कधीच काढला, तिथं पिण्याच्या पाण्याचं मशीन बसवलंय. दर महिन्याच्या सुरुवातीला मी कॉम्प्युटरवर 'घडामोडी आणि आगामी कार्यक्रम' असं एक पान तयार करते आणि ते फोनवरून वरवंडात, यवतला, दौंडला, पार माझ्या माहेरी निमोण्यापर्यंत जातं. माझा भाऊ लगेच अंगठ्याचं चित्र पाठवतो आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारतो, "ताई, ते मोटर रिवायंडिंगचं ॲडमिशन कवा हाय गं?" पानावर सगळ्यात वर तेच लिहिलेलं असतं. तुम्ही असता तर हसला असता. तुम्ही म्हणायचात, लोकं फळा बघत्यात, वाचत न्हाईत, म्हणून नोटीस तोंडानंबी सांगायला लागती.

या महिन्याचं पान मोठं आहे. जुन्या विद्यार्थ्यांनी आणून दिलेल्या, पंपाच्या जळक्या मोटारींवर मुली आता स्वतः वायंडिंग शिकतात, त्यातल्या तिघी शिरूरकडच्या कारखान्यांत लागल्या, ही बातमी आहे. बेकरीचा नवा वर्ग पंधरा तारखेला सुरू होतोय. रक्तदान शिबिर आहे, माती परीक्षणाची गाडी येणार आहे. आणि शनिवारी, एकवीस तारखेला, सकाळी साडेदहा वाजता, ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये कम्युनिटी कॉलेजच्या सगळ्या वर्गांचा प्रमाणपत्र वाटपाचा कार्यक्रम आहे. त्यात विद्यार्थ्यांच्या वतीनं एक बाई बोलणार आहेत. रुग्णसेवेचा एक वर्षाचा कोर्स त्यांनी यंदा पूर्ण केला. त्यांच्याबद्दल चार ओळी लिहायच्या म्हणून मी दुपारी बसले. चार वाजले तरी एक ओळ झाली नाही. मग तो कागद बाजूला सारला आणि हा घेतला.

त्या बाई म्हणजे कासुर्डीची ती मुलगी, मामा. तुम्हाला ती आठवायला सांगायची गरज नाही, हे मला गेल्या आठवड्यात कळलं. पण मला ते सगळं एकदा नीट, क्रमानं लिहून काढायचंय, कारण तुम्ही होतात तेव्हा मी त्यावर एक शब्दही बोलले नाही.

मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते, वरवंडात मावशीकडं राहून शिकत होते. आमचा आजा मेंढरं घेऊन सहा-सहा महिने बाहेर असायचा, त्याचा निरोप कुणा वाटसरूबरोबर यायचा आणि अर्धा यायचा. तशा घरातली मी कॉलेजात गेले आणि माझं अक्षर बरं म्हणून प्राचार्यांनी मला आठवड्याचा फलक लिहायला दिला, तर मला आभाळ ठेंगणं झालं. तुम्ही शिपाई. नोटीस बुक घेऊन वर्गावर्गांत फिरायचात, सर वाचून दाखवायचे, सही करायचे, की पुढच्या वर्गात. दौंडहून रोज यायचात आणि सगळ्यांच्या आधी हजर असायचात. मुलामुलींनी तुम्हाला मामा म्हणायचं हे कुणी ठरवलं होतं कुणास ठाऊक, पण ईदला शिरखुर्म्याचा डबा आणायचात तो भाच्यांनाच आणल्यासारखा. मी फलक लिहिताना तुम्ही मागं उभं राहून वाचायचात, हळू, ओठ हलवत. "काय हाय, कुठं हाय, कवा हाय, कुणासाठी हाय. येवढं असलं की नोटीस झाली," असं तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी मात्र अक्षराला वळण देण्यात गुंग असायचे.

त्या जूनमध्ये रुग्णसेवेचा कोर्स आपल्याकडं पहिल्यांदा सुरू व्हायचा होता. जागा वीसच. शनिवारी ऑफिसातून कागद आला, बुधवारी अकरा तारखेला निवडीच्या मुलाखती. मी फळ्यावर लाल खडूनं लिहिलं, 'येत्या बुधवारी निवड मुलाखत, सर्व कागदपत्रांसह.' तारीख टाकली नाही. टाकली असती तर ओळ दुसऱ्या रांगेत गेली असती आणि मला ती एका ओळीत हवी होती. इतकं साधं कारण आहे, मामा. बुधवारी मुलाखती झाल्या. त्या संध्याकाळी फळा पुसायचं काम माझं होतं. लिहिणाऱ्यानंच पुसायचं, असा तुमचा नियम होता. तुम्ही त्या दोन आठवड्यांत परीक्षेचे पेपर पोचवायला पुण्याच्या खेपा करत होतात. मी न पुसताच निमोण्याला गेले, भावाचा साखरपुडा होता, आणि पुढच्या बुधवारपर्यंत आलेच नाही.

कासुर्डीच्या त्या मुलीनं कोर्सचा अर्ज सगळ्यांच्या आधी भरला होता. पण मधला आठवडाभर तिची आई आजारी, म्हणून ती कॉलेजला आली नव्हती. ती आली गुरुवारी. फळ्यावर वाचलं, येत्या बुधवारी. घरी जाऊन तिनं कागद गोळा केले, दाखल्यावर सरपंचाची सही आणली, आणि पुढच्या बुधवारी सकाळी पहिल्या एसटीनं आली. मी निमोण्याहून त्याच दिवशी परतले होते. ऑफिससमोरच्या पायरीवर ती बसलेली. अबोली रंगाचा नवा ड्रेस, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. तिला नुकतंच सांगितलं होतं, की मुलाखती गेल्या बुधवारीच झाल्या, यादी पुण्याला गेली. ती रडत नव्हती. पिशवीतले कागद काढून पुन्हा क्रमानं लावत होती.

प्राचार्यांनी विचारलं, "हा फळा आठवडाभर कुणी ठेवला?" मी दारात उभी होते. तुम्ही माझ्याकडं बघितलंही नाही. "साहेब, पुसायचं माझ्याकडं व्हतं. ध्यानातनं गेलं," तुम्ही म्हणालात. तुम्हाला मेमो मिळाला. तुमच्या इतक्या वर्षांच्या नोकरीतला तो एकच मेमो, हे मला नंतर ऑफिसात लागल्यावर तुमची फाईल हातात आली तेव्हा समजलं. त्याखाली तुमचं उत्तर आहे, 'चूक माझी आहे. पुन्हा होणार नाही.' आणि सही.

त्याच रविवारी तुम्ही मावशीच्या दारात आलात आणि म्हणालात, "चल, कासुर्डीला जाऊन येऊ." मला वाटलं, तुम्ही मला शिक्षा म्हणून नेताय. तिचे वडील गुऱ्हाळावर कामाला होते, अंगाला काकवीचा वास, हात पुसत बाहेर आले. तुम्ही ओट्यावर बसलात, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलीत. "पोरीचा काय बी दोष न्हाई. कॉलेजची चूक झाली. म्हंजी माझी. पुढल्या जूनला पुन्यांदा मुलाखती हायत, मी स्वतः येऊन सांगून जाईन."

तिचे वडील तुमच्या शेजारी टेकले. मग म्हणाले, "मामा, तुमी आलात, लई झालं. यंदा न्हाई तर न्हाई. पर पुढल्या जूनला ती ह्या घरात असंल का, हे म्या कसं सांगू?"

ती चहा घेऊन आली. मला कप देताना तिनं विचारलं, "तू कशी काय आलीस?" एवढंच. तेव्हा बोलायची वेळ होती. मी म्हणाले, "मामांसंगट आले."

परतीच्या गाडीत आपल्याला उभं राहावं लागलं. चौफुला येईपर्यंत तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. तिथं गर्दी कमी झाली, आपण बसलो, आणि तुम्ही हळूच म्हणालात, "मला वाटलं व्हतं, तू बोलशील." त्यानंतर हा विषय तुम्ही कधी काढला नाहीत. सोमवारी मला फळ्यापाशी खडू दिलात आणि रोजच्यासारखे मागं उभे राहिलात. मी वार लिहिला, तारीख लिहिली, महिना लिहिला. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. तिचं कॉलेज सुटलं. तिसऱ्या वर्षाच्या निरोप समारंभाला तुम्ही मला खिशात मावेल एवढं कॅलेंडर दिलंत, दौंडच्या कुठल्याशा दुकानात फुकट मिळालेलं, आणि म्हणालात, "हे जवळ असू दे." सगळे हसले. मीही हसले.

ती गेल्या वर्षी जूनमध्ये ऑफिसात आली, अर्ज घेऊन. मी नाव वाचलं आणि मान वर करायला मला वेळ लागला. तिनं मला लगेच ओळखलं. सासरे सहा वर्षं अंथरुणाला खिळून होते, त्यांचं सगळं हिनंच केलं. ते गेल्यावर घरातले म्हणाले आता आराम कर, तर ही म्हणाली, जे काम येतंय त्याचा कागद तरी घेते. तिच्या मुलीनं तिला फोनवर आपलं पान दाखवलं होतं. वर्गातल्या वीस-वीस वर्षांच्या पोरी तिला काकू म्हणायच्या आणि पेशंटला कुशीवर कसं वळवायचं हे शिकवणाऱ्या बाईंच्या आधी तिला विचारायच्या. आता शिरूरच्या एका दवाखान्यात तिला काम मिळालंय. वर्षभर ती माझ्यासमोर होती आणि वर्षभर मी तिला फीची पावती, ओळखपत्र, परीक्षेचं वेळापत्रक यांपलीकडं काही बोलले नाही.

गेल्या आठवड्यात मात्र तिच्याबद्दल लिहायचं म्हणून विचारायला गेले. प्रात्यक्षिकाच्या खोलीत ती एकटी पलंगावर चादर घालत होती. म्हणाली, "वय लिहू नका, बाकी काय बी लिहा." मी हो म्हणाले आणि तिथंच उभी राहिले. मग सांगितलं. तो फळा मी लिहिला होता, तारीख मी टाकली नाही, पुसला मी नाही, मामांचा त्यात काही संबंध नव्हता.

तिनं हातातला चादरीचा कोपरा नीट दुमडून गादीखाली खोचला. मग म्हणाली, "मला अंदाज व्हता. ते अक्षर मामांचं नव्हतं."

"तुम्हाला मामांचं अक्षर कुठं माहीत?"

"अवो, दर जूनला कागद द्यायचे की आमच्या माहेरी. स्वतः लिहून. वार, तारीख, टाइम, सगळं. माझ्या आईला वाचाया येत न्हवतं, पर ती मला निरोप धाडायची, कॉलेजवाले मामा येऊन गेले म्हणून. मी सासरी. कशी येणार? पर ते यायचे. रिटायर झाले, तरी दोन वर्सं आले. मग यायचे थांबले, तवा आईनंच वळखलं."

मला हे माहीत नव्हतं, मामा. दहाएक वर्षं, दर जूनला. कॉलेजात रोज भेटायचात, पुढं मी नोकरीला लागले तेव्हाही एकाच ऑफिसात होतो, आणि तुम्ही कधी बोलला नाहीत. मला टोचावं म्हणून तुम्ही जात नव्हता, हे त्यावरूनच कळतं. तुम्ही तिच्या वडिलांना शब्द दिला होता.

मी तिला म्हणाले, माफ करा. तिनं दुसरा पलंग ओढला, मला चादरीचं एक टोक धरायला दिलं. म्हणाली, "तवाच सांगितलं असतंत तर चार दिस बोलले नसते तुमच्याशी. पर मग बोलले असते." आम्ही दोघींनी मिळून खोलीतले सहाही पलंग घातले. तिला माझ्या चादरीचे कोपरे पसंत पडले नाहीत, तिनं दोन पुन्हा करून घेतले. जाताना म्हणाली, "शनिवारी मी मामांचं नाव घेणार हाय भाषणात. चालंल ना?" मी म्हटलं, चालेल. त्यांच्या मुलाला आणि सुनेलाही बोलावते.

दौंडला तुमच्या घरी मी कालच जाऊन आले. सुनेनं खुर्ची पुसून दिली, तुमचा नातू बारावीला आहे. कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका तिच्या हातात दिली, तोंडानंही सांगितलं, शनिवार, एकवीस तारीख, साडेदहा. हे पत्रही तिच्याकडं द्यावं असं लिहायला बसले तेव्हा मनात होतं. आता झालंय, पण देणार नाही. तिला ते वाचायला लागू नये असं एक वाक्य अजून लिहायचं राहिलंय.

तुम्ही गेलात तेव्हा मी घरी आले नाही. सगळ्यांना मी सांगत आले, की बातमी मला दोन दिवसांनी कळली. कालही तुमच्या सुनेनं विचारलं, "तुम्ही तेव्हा बाहेरगावी होतात ना?" आणि मी हो म्हणाले. मामा, मी वरवंडातच होते, तुमच्या दारात तोंड दाखवायचा धीर झाला नाही. निरोप मला सकाळी नऊच्या आधी मिळाला होता.