अंजिराची उभी बाग

स्पार्टाच्या क्लेआंद्रोसास, अथेन्सहून फिलाग्रोसाचा नमस्कार.

बाबा रे, तुमची फौज परत गेली आणि आम्ही तटाबाहेर आपापल्या शेतावर आलो. सगळ्यांचे मळे जळालेले. माझी अंजिराची बाग तेवढी उभी, एक फांदी मोडलेली नाही. ऑलिंपियाच्या जत्रेत तू माझ्या तंबूत जेवला होतास, ते विसरला नाहीस. तुम्ही लोक पाहुणचाराचं नातं पाळता, बोलत मात्र नाही. आमच्याकडे उलटं आहे. शेजारचा डेक्सियोस रोज कुंपणाशी येऊन विचारतो, "काय आजोबा, स्पार्टाचे जावई झालात की काय?" लोक हसतात. येत्या सभेत तो हेच विचारणार आहे, आणि तिथे कोणी हसणार नाही. फितूर ठरलो तर या वयात गाव सोडावं लागेल. म्हातारी म्हणते, "तुम्हीच तोडा ती झाडं." मला कुऱ्हाड उचलवत नाही.

हे पत्र कुणाच्या हाती लागलं तर दुसरा पुरावा लागायचा नाही, म्हणून ज्या पाटीवर हे कोरतोय तिच्यावरचं मेण शेवटची ओळ झाली की खरवडतो; तुला हे पोचायचं नाही, तरी सांगतो. पुढच्या उन्हाळ्यात आलास, तर सगळ्यांच्या आधी माझी बाग तोड. तोडण्यापूर्वी चार अंजिरं खा. तुमच्याकडे अशी होत नाहीत.

तुझा थकलेला यजमान,
फिलाग्रोस