भाऊजी शिशुशाळेत जातात

मंडी मोहल्ला, म्हैसूर

तीर्थस्वरूप संताजीराव दादांच्या चरणी धाकट्या गोदूचा दंडवत.

आम्ही इथं सगळी बरी आहोत. तुमचंही नरसीपुरात बरं चाललं असेल असं धरून चालते, कारण बरं नसतं तर वहिनीनं कळवलं असतं. तिला गुडघ्याला एरंडाचं पान बांधायला सांगितलं होतं, ते तिनं बांधलेलं नसणार. (तिला सांगा, गोदूनं ओळखलं.)

तुमच्या कानावर गेलंच असेल (संगमावर आंघोळीला येणारी म्हैसूरची माणसं काय नुसती आंघोळ करून परततात?) की गोदावरी म्हातारपणी शाळेत जाते. त्यातलं म्हातारपण खोटं, मला यंदा छत्तिसावं लागलं. शाळेत जाते हे खरं. झालं असं की आमच्या मागच्या गल्लीत नागरत्नम्मा नावाच्या बाईंनी तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी शिशुशाळा काढली, आणि मोठ्या भाऊजींची नात वनजा तिथं घातली. पहिल्या दिवशी ती माझा पदर सोडीना, म्हणून मी आत बसले. तिसऱ्या दिवशी तिनं पदर सोडला. मी मात्र दोन महिने झाले, बसलेलीच आहे.

शिशुशाळा म्हणजे काय, हे घरात कुणाला समजावणं कठीण. मी सांगितलं, शाळेच्या आधीची शाळा. त्यावर जाऊबाई (गिरिजाबाईंचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे) म्हणाल्या, "अय्यो, मग त्याच्याही आधीची कुठली? बाळंतिणीच्या खोलीत बाक टाकायचे का?" भाऊजींनी विचारलं, पाटी आहे का? नाही. छडी? नाही. पाढे? तेही नाही. मग दिवसभर करतात काय? मी खरं ते सांगितलं: वाळूत बोटं फिरवतात, चिंचोके या वाटीतून त्या वाटीत घालतात, गाणी म्हणतात, रडतात, झोपतात. भाऊजी म्हणाले, "हे तर आमच्या घरी फुकट चालतं."

पण खरी अडचण पुढं आली. नागरत्नम्मांनी विचारलं, तुम्ही इथं मदतीला कायमच्या येता का? मुलं तुमच्याजवळ राहतात. मी घरी सांगितलं, आणि भाऊजींनी ताटावरून हात उचलला. रिसालेवाल्यांच्या घरातली सून, त्यातून विधवा, परक्यांच्या पोरांची नाकं पुसायला जाणार? उद्यापासून वनजाला पोचवायलासुद्धा जायचं नाही.

दादा, मला उलट बोलता येत नाही असं नाही, पण खरं कारण ताटावर सांगण्यासारखं नव्हतं. त्या वाळूत बसलेली सगळी मुलं माझ्या तुंगाच्या वयाची आहेत. तापाच्या साथीत ती गेली तेव्हा पाचवं लागायला दोन महिने होते. पाचव्याला तिला अक्षरं गिरवायला बसवायचं ठरलं होतं. लोक समजूत घालायला आले ते म्हणत, अजून काही कळायचं वय नव्हतं. मला तेव्हापासून वाटे, या वयाला कुणी काहीच मोजत नाही. नागरत्नम्मांच्या दारावरची 'तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी' ही पाटी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं, कुणीतरी मोजलं. आणि तिथं माझ्या पदराला नाक पुसताना कुणी शकुन-अपशकुन बघत नाही.

(वाचायला मी कशी शिकले हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुमचे मेहुणे रिसाल्याबरोबर मिसर देशी लढाईवर गेले, तिथून त्यांची पत्रं येत, ती भाऊजी ओसरीवर मोठ्यानं वाचत आणि मधेच खाकरून दोन ओळी गाळत. मला वाटे, त्या माझ्यासाठी असणार. म्हणून वनजाच्या बापाच्या जुन्या पुस्तकांवरून चोरून शिकले. वर्षभरानं गाळलेल्या ओळी वाचल्या: 'तुंगा घोड्यालाही अजून हम्माच म्हणते का? तिला घोडा दाखवत जा.' असलं पोरकट ओसरीवर वाचायचं नाही, असं भाऊजींना वाटलं असणार. मला राग आला आणि हसूही आलं. अजून दोन्ही येतं.)

तर सोमवारी मी हुकूम मोडून वनजाला घेऊन गेले. तासाभरात भाऊजी काठी घेऊन दारात. आत मुलांचा खेळ ऐन रंगात: चौघं घोडे, चौघं स्वार, तोंडात नागरत्नम्मांच्या जुन्या साडीच्या काठाचे लगाम. भाऊजींनी तोंड उघडलं ते मला बोलायला, पण नजर गेली वनजाच्या मुठीकडे. तीस वर्षं रिसाल्यात शिंगरं माणसाळवलेला माणूस! "अगं, असा ओढतात का लगाम? जनावराचं तोंड फाटेल!" काठी भिंतीला टेकली, आणि मूठ कशी धरायची ते दाखवणं सुरू झालं. तेवढ्यात एका चिमुरडीनं धोतर ओढून फर्मावलं, "ताता, कुदुरे आगु!" म्हणजे आजोबा, घोडा व्हा. आणि दादा, भाऊजी झाले. चक्क गुडघ्यांवर रांगत वाळूला दोन फेऱ्या घातल्या, आणि इशारा चुकीचा दिला की जागचे हलत नसत.

घाम पुसताना त्यांनी नागरत्नम्मांना दरडावून विचारलं, "पण यांना शिकवता काय?" त्या म्हणाल्या, "काहीच नाही. शिकायला बसतील तेव्हा बुजू नयेत, एवढंच." भाऊजींनी काठी उचलली. मग म्हणाले, "शिंगराच्या पाठीवर आम्ही आधी महिनाभर नुसती घोंगडी टाकतो. खोगीर मागाहून. हे तुम्ही दारावरच्या पाटीवर का लिहीत नाही?"

घरी येताना वाटभर पुढं चालले. दाराशी आल्यावर म्हणाले, "तुंगाला मी एकदाही घोड्यावर बसवलं नाही." आणि आत गेले.

असो. मुलांना माझा आशीर्वाद. वहिनीला पानाची आठवण द्या.

तुमची
गोदावरी

ता. क. भाऊजींचं म्हणणं, त्यांची हरकत नाही, पण माहेरच्यांचा होकार लेखी हवा. तो आजच लिहा. उशीर झाला तरी मी जातेच आहे, पण पत्र आल्यावर जाऊबाई गप्प बसतील.

ता. क. दुसरा. तुंगाचा लाकडी घोडा तेव्हा मला डोळ्यांसमोर नको होता, म्हणून तुमच्या माळ्यावर ठेवला. तो पाठवा. कान मोडका आहे, तसाच चालेल. मुलांना सध्या भाऊजी पुरत नाहीत.

ता. क. तिसरा. पत्र टपालात टाकायला दिलं तर भाऊजींनी सवयीनं वाचलं, आणि रांगण्याच्या दोन ओळी गाळ म्हणाले. मी गाळल्या नाहीत. वहिनीला त्या मोठ्यानं वाचून दाखवा.