करडईचे काटे

जुळे सोलापूर,
१ फेब्रुवारी २०२५

ती. चिमाआत्यास,
अंकिताचा सा. न. वि. वि.

फोनवर तू ‘बरं हाय’ यापलीकडे बोलत नाहीस आणि तुझ्या बटणाच्या फोनवर चित्र दिसत नाही, म्हणून हे पत्र. सोबतच्या चित्रात काय आहे, ओळखलंस का? करडई!

आठ वर्षं मी या चादरींच्या कारखान्यात चौकटीच्या कागदावर फुलं काढते आहे. इथल्या साऱ्या जुन्या वह्या चाळल्या. नुसते गुलाब, ट्यूलिप आणि द्राक्षवेली. ट्यूलिप आपल्यात कुणाच्या बापानं पेरलंय? मग वाचनालयात जुन्या वनस्पतिचित्रांचं पुस्तक सापडलं. आपल्याच चिताऱ्यांनी इंग्रज साहेबांसाठी काढलेली चित्रं. किडीनं खाल्लेलं पानसुद्धा त्यांनी तसंच काढलंय. मला राहवेना. तीन आठवडे खपून ही करडई काढली.

मालकांना फूल आवडलं, पण काटे काढून टाक म्हणाले. काट्यांवर कोण झोपणार, असं त्यांचं म्हणणं. दहा तारखेपर्यंत काटे गेले नाहीत, तर मला डिझाईनवरून उठवून चादरींच्या घड्या घालायला बसवणार आहेत. आप्पांना बापाची काळजी; म्हणतात, चार रेघांपायी नोकरीवर पाणी सोडू नकोस. मी हटणार नाही, पण फार एकटं वाटतंय गं. तुझं काय म्हणणं ते लगेच कळव.

मामांना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
अंकिता


केम,
६ फेब्रुवारी २०२५

चि. अंकितास,
अ. उ. आ.

चित्र बघून आमचे धनी, तुझे मामा, आधी हसले, मग मी. अगं येडे, करडईच्या देठाला काटा कुटं असतो? तू गुलाबाचे काटे करडईला लावलेस! आठ वर्षं गुलाब काढून हाताला तेच वळण पडलं वाटतं. करडईचा काटा पानाच्या कडंला असतो, आणि फुलाखालच्या बोंडाला. मामा उद्या सोलापूरला येतायत. त्यांच्याच हाती हे पत्र आणि एक फांदी देते. हाताला फडकं गुंडाळून धर.

आता तुझ्या मालकाचं. करडई कोवळी असते तवर तिची भाजी करून खातात. काटे आले की जनावरसुद्धा तोंड घालत न्हाय, म्हणून तर आमी ज्वारीच्या कडंनं तिला पेरतो. काटे खुडून दिलेस तर मालकाला भाजीच वाढलीस म्हणायची. आप्पाला सांग, आत्या माझ्या मागं हाय.

वेळेवर जेवत जा. आमचा जीव तुझ्यात अडकलेला असतो, हे ध्यानात ठेव.

तुझी आत्या,
चिमाबाई


जुळे सोलापूर,
१३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझी फांदी पाहून लाजले आणि दोन दिवस बसून सगळं चित्र नव्यानं काढलं. सोमवारी मालकांपुढं आधीच कबूल केलं, की तुमचं खरं होतं, काटे चुकलेच होते. त्यांचा चेहरा खुलला, माझ्यासाठी चहा मागवला. मग मी नवा कागद पसरला. पानापानाला काटे, बोंडाला चहूबाजूंनी काटे, पहिल्यापेक्षा तिप्पट! चहा तसाच राहिला. ते म्हणाले, घड्या घालायला जा. मी म्हटलं, मी घरी जाते आणि करडईही नेते. खोटं कशाला सांगू? रिक्षात रडले.

माझी मैत्रीण शबाना हिच्या घरी दोन माग आहेत. तिच्या अब्बांनी कागद निरखून पाहिला आणि पहिली चादर आपण विणू म्हणाले. आप्पांनी मात्र अबोला धरलाय.

काल मालकांचा फोन आला. आवाज मऊ होता. परत ये, काटे अर्धे कर, जमवून घेऊ म्हणाले. मी सांगितलं, एकही कमी होणार नाही. तेव्हा चिडून त्यांनी विचारलं, की करडई झाल्यावर पुढं काय काढणार आहेस?

मी म्हटलं, बाभूळ.

रागावलीस तरी चालेल, पण मला जवळचीच समज.

तुझी भाची,
अंकिता