तटावरची माणसं

प्रिय धाकट्या,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि मीही तुला करू देत नाही. हा गुण तू माझ्याकडूनच उचललास, तेव्हा तक्रार कुणाकडे करू? म्हणून लिहायला बसलो. कागदावर मध्येच कुणी बोलत नाही. दुकान आज लवकर ओढून घेतलं, कामाच्या बाकावरचा लोखंडाचा कीस झाडला, कानशी त्यांच्या खाचेत लावल्या. तुझी आई आणि ताई वर आहेत. शिवणयंत्राचा आवाज येतो आहे, म्हणजे आई पडद्यांच्या मागे लागली आहे आणि ताई तिला वैतागते आहे. घरात पुन्हा कुणीतरी कुणाला वैतागू लागलं, हे मी शुभवर्तमान समजतो.

ताई नवऱ्याचं घर सोडून आली, हे तुला माहीत आहे. का आली तेही माहीत आहे. तो हात उचलायचा आणि कामाला जाताना तिला आत ठेवून बाहेरून कुलूप लावायचा. आपण रीतसर तक्रार दिली आहे, वकीलबाईंनी न्यायालयात अर्ज केला आहे, पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. हे सगळं तुला आईने कळवलं. आईने कळवलं नसेल ते मी लिहितो, कारण त्यात माझी बाजू फारशी शोभून दिसत नाही आणि ती बिचारी माझी लाज राखते.

प्रार्थनाघरात रविवारच्या वाचनाला मी बायबलमधला हिज्कीया राजाचा भाग कितीदा घेतला असेल! तू लहानपणी पहिल्या बाकावर बसून जांभया द्यायचास. अश्शूरच्या राजाने एकेक शहर घेत आणलं आणि शेवटी हिज्कीयाच्या राजधानीवर सैन्य पाठवलं. मी नेहमी तटबंदीपासून सुरुवात करायचो, कारण भिंत, दरवाजे, अडसर हा माझा, कुलूपवाल्याचा, प्रांत. पण त्याआधीचा एक तुकडा मी भरभर वाचून पुढे जायचो. या राजाने आधी माघार घेतली होती. माझं चुकलं, म्हणाल ते देतो, असा निरोप धाडला आणि देवाच्या मंदिराच्या दारांवरचं सोनं खरवडून शत्रूच्या पदरात घातलं. शत्रूने सोनं घेतलं आणि तरीही आला.

तो तुकडा मी का टाळायचो ते मला यंदा कळलं. ताई आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी, ज्याने आयुष्यात कुणापुढे मान वाकवली नाही, तिच्या सासरी जाऊन हात जोडले. पोरीचं काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या, म्हणालो. तिचं काय चुकलं होतं? काहीच नाही. तिच्या मानाचं सोनं मी माझ्या हाताने खरवडून दिलं, रे. सासऱ्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. आणि त्या संध्याकाळपासून जावई आपल्या दुकानासमोर येऊन उभा राहू लागला.

तो काय करतो ऐक. आत येत नाही. आत आला तर पोलिसांना बोलावता येईल, एवढी अक्कल त्याला आहे. रस्त्याच्या पलीकडे उभा राहतो आणि बोलतो. आईने पहिल्या दिवशी खिडकीतून सांगून पाहिलं, की वर या, बसून हळू बोला, सगळी गल्ली ऐकते आहे. तर म्हणाला, मला तुमच्याशी बोलायचंच नाही, गल्लीशीच बोलायचंय. मला वाचनातला तो भाग आठवला. हिज्कीयाच्या अधिकाऱ्यांनी शत्रूच्या सरदाराला हीच विनंती केली होती: आमच्याशी तुमच्या भाषेत बोला, तटावरच्या लोकांना समजेल असं बोलू नका. तो सरदार तर आणखी मोठ्याने लोकांच्याच भाषेत ओरडू लागला. कुचेष्टा तरी कशी, दोन हजार घोडे फुकट देतो म्हणे, वर बसायला माणसं आहेत का तुमच्याकडे!

आपल्याकडचे घोडे वेगळे. जगाला कुलपं विकतोस आणि घरची पोर सांभाळता येत नाही, असं तो ओरडला. आता तूच सांग, असा चेंडू समोर आल्यावर मी सोडणार होय? मी खिडकीतून म्हणालो, तुझ्या तोंडाला बसेल असं कुलूप अजून निघालं नाही, निघालं की पहिलं तुलाच, फुकट. समोरचा न्हावी गिऱ्हाईकाची अर्धी दाढी तशीच सोडून बाहेर आला आणि त्याने मला दाद दिली. दुसऱ्या दिवशी मी तयारीनिशी बसलो. तिसऱ्या दिवशी लोक वेळ साधून यायला लागले. दुपारभर किल्ली घासता घासता मी संध्याकाळचे टोले जुळवायचो. खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती. शाळेची पायरी मी फार चढलो नाही, पण बोलण्यात मला कुणी हरवलेलं नाही, हे गल्लीला पुन्हा एकदा दाखवत होतो. आणि वर तुझी ताई दिवा न लावता बसायची. तिच्या संसाराच्या चिंध्या दोन पुरुष रस्त्यावर एकमेकांच्या अंगावर फेकत होते, आणि त्यातला एक मी होतो.

दुसरं काम मी केलं ते दरवाजाचं. जुनं कुलूप काढून जाड पट्टीचं, तीन अडसरांचं बसवलं. आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून किल्लीनेच उघडणारं, म्हणजे काच फोडून कुणी हात घातला तरी उपयोग नाही. असं काम हाताखालून फार वेळा जात नाही. अडसर असा सरकायचा की आवाजसुद्धा लोण्यासारखा. किल्ली मी माझ्याच कमरेला ठेवली. कुणाला बाहेर जायचं असेल तर मला हाक मारायची. ताईने दोन-तीनदा हाक मारली, मी हात काळे असल्यामुळे थांब म्हणालो, नंतर तिने मारली नाही.

एकदा मी आईला त्या कुलपाची तारीफ ऐकवत होतो. ताई भांडी पुसत होती. पाठ न वळवता म्हणाली, खरंच बाबा, तिकडचं कुलूप तुमच्याइतकं चांगलं नव्हतं.

एवढंच. आवाज चढवला नाही, टोमण्याचा सूरही नाही. आईने माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. मी दुकानात उतरलो आणि बाकावर बसून राहिलो. माझी सगळी उत्तरं ज्याच्यासाठी होती तो बाहेर होता, आणि हे वाक्य आतून आलं होतं.

हिज्कीयाने भिंत बांधली, हे मी आयुष्यभर शिकवलं. पण भिंतीच्याही आधी त्याने पाण्याचं पाहिलं, हे मी ओझरतं सांगायचो. शहराबाहेरचे झरे त्याने बुजवले, शत्रूला पाणी का पाजायचं म्हणून. आणि तेच पाणी जमिनीखालून भुयार खणून शहरात आणलं. त्या भुयारात कोरलेला लेख सापडला आहे. दोन बाजूंनी खणणारे कामगार एकमेकांचा आवाज ऐकत मध्ये भेटले, असं त्यात लिहिलंय. वेढ्यातलं शहर शत्रूच्या हातून मरण्याआधी तहानेने मरतं. मी नेमकं उलटं केलं. बाहेरच्याला रोज संध्याकाळी माझ्या उत्तरांचं पाणी पाजलं, त्यावरच तो तग धरून होता. आणि आत माझी पोर कोरडी पडत होती.

दुसऱ्या सकाळी ते कुलूप काढलं. आतून हाताने फिरवायची मूठ असलेलं बसवलं, किल्ली लागतच नाही. प्रत्येकाला एकेक बाहेरची किल्ली दिली. ताईने मूठ फिरवून पाहिली, पुन्हा फिरवली, आणि खाली जाऊन रस्त्याच्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. काही आणलं नाही. नुसती जाऊन आली. मग तिने मला सांगितलं, की लग्नाआधी ती जिथे भिंगं घासायची, त्या चष्म्याच्या दुकानात तिला पुन्हा बोलावलंय, आणि हे तिने मला विचारायचं म्हणून मनातच ठेवलं होतं. विचारायचं कशाला, असं मी म्हणालो.

राजाचा हुकूम होता: त्याला उत्तर देऊ नका. लोक गप्प राहिले. मी याला राजाचा कणखरपणा म्हणत आलो. पण हुकूम देऊन राजा आत गेला होता, रे! शिव्या पडत होत्या त्या तटावरच्या माणसांच्या अंगावर. गप्प राहण्याचं बळ त्यांचं होतं. परवा जावई आला तेव्हा मी खिडकी लावायला निघालो, तर ताई म्हणाली राहू द्या, गरम होतंय. खिडकीतच बसून ती उशीच्या अभ्र्याला टीप घालत राहिली. तो तिला नाव घेऊन काय काय बोलला ते लिहवत नाही. दोनदा दोरा सुटला, तिने तो पुन्हा ओवला. माझ्या जिभेवर टोले येऊन उभे होते, मी ते गिळले. उत्तर येईना तसा तोच अडखळायला लागला, तेच तेच बोलायला लागला. न्हाव्याने गिऱ्हाईकाला आत घेतलं आणि दार लोटलं. मग एकेक करून सगळेच आत गेले.

तो गेल्यावर मी खाली येऊन, त्याला ऐकवायचं होतं ते सगळं देवाला ऐकवलं. राजाने तरी काय केलं, शत्रूचं अपमानाचं पत्र मंदिरात नेऊन देवापुढे पसरलं आणि म्हणाला, हे तूच वाच. देव ऐकून घेतो, दाद देत नाही. बोलून संपलं तेव्हा माझ्यापाशी राग नव्हता, भीती होती. तीच पहिल्यापासून होती. हिज्कीयाच्या वेळी देवदूत आला आणि वेढा उठला. आपल्याकडे अजून कुणी आलेलं नाही. तो काल पुन्हा आला होता, थोडा वेळ थांबला.

आता ज्यासाठी हा कागद घेतला ते. शनिवारी तू दोन मित्रांना आणि त्यांच्या गाडीला घेऊन येतो आहेस, जावयाला एकदाच असा धडा द्यायचा की पुन्हा रस्ता विसरेल, हे आईकडून मला कळलं. तू माझाच मुलगा आहेस, तुझं रक्त का उसळतं ते मला विचारायची गरज नाही. पण तू हात उचललास की सुनावणीत त्याच्या हातांबद्दल कुणी बोलणार नाही, तुझ्याच हातांबद्दल बोलतील, आणि तुझी ताई पुन्हा दिवा न लावता बसेल. मी हे तिला सांगितलं तेव्हा ती घाबरली. मग म्हणाली, येऊ दे त्याला, फक्त सोमवारपर्यंत राहायला सांगा. सोमवार तिचा कामाचा पहिला दिवस. चष्म्याचं दुकान बाजारापलीकडे आहे आणि जाताना जावयाच्या गल्लीवरून जावं लागतं. मी चलतो म्हणालो तर म्हणाली, नको बाबा, तुम्ही मध्येच काहीतरी बोलाल. तिने तुझं नाव घेतलं. मित्रांना तिकडेच ठेव आणि एकटा ये. सकाळी तिच्याबरोबर दुकानाच्या दारापर्यंत चालत जा, तो काही बोलला तर बोलू दे, तू तिच्याशी दुसरं काहीतरी बोलत राहा.

तुझाच,
बाबा