प्रॅक्टिकलच्या दिवशीचा तोडा

अण्णा, तुम्ही हे वाचणार नाही हे मला माहीत आहे, आणि आज त्याचाच राग येतोय, कारण हे तुम्हाला ऐकवायचंच होतं.

घोडेगावात मी मुलींसाठी अभ्यासिका चालवते. नव्या मुली आल्या की पहिल्या दिवशी त्यांना वेळापत्रक करायला लावते आणि त्याआधी तुमची गोष्ट सांगते. दिवसात कामं ढीगभर असतात, पण त्यातलं एखादंच असं असतं की ते चुकलं तर पुढचं सगळं चुकतं. ते कोणतं हे दुसऱ्याला ठरवू देऊ नका, असं म्हणते आणि उदाहरण म्हणून तुम्हाला त्यांच्यासमोर उभं करते. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. तुम्हाला उत्तर देता येत नाही, हे मला आवडतं.

बारावीच्या केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलचा दिवस. सकाळचे सहा वाजलेत, मी गणवेश घालून चहा गाळतेय आणि तुम्ही दारात उभे आहात. टोमॅटोच्या तोड्याला येणाऱ्या दोन बाया आलेल्या नाहीत.

"पेपर हाय का आज?"

"पेपर नाय, प्रॅक्टिकल हाय."

"मंग प्रयोग उद्या कर की. तंबाटी उद्यापत्तुर थांबत न्हाईत. जे थांबत न्हाई ते आधी."

आई म्हणाली, "जाऊ द्या की तिला, लई दिवस झाले तयारी करतीये." तोवर तुम्ही क्रेट उचलून वावराकडे निघाला होतात. आपल्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. प्रॅक्टिकल हीसुद्धा परीक्षाच असते, त्यालाही मार्क असतात, हे तुम्हाला कुठून ठाऊक असणार? ते मी सांगायला हवं होतं. पण तुमचं ते वाक्य लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की ते आलं की माझी जीभ आपोआप गप्प व्हायची.

गणवेशावरच तुमचा जुना शर्ट चढवला आणि सरीत उतरले. टोकाला जेमतेम लाली धरलेला माल तोडायचा, खालपासून वरपर्यंत एकसारखा भरायचा, ही तुमची शिस्त. मार्केटला बाकीच्यांचे क्रेट पालथे करून बघत, तुमचे नाही. तुम्हाला त्याचा केवढा तोरा होता. त्या दिवशी मी सहा क्रेटच्या तळाला पिकून मऊ झालेली, फुटकी तंबाटी घातली आणि वर तुमच्या पसंतीची रचली.

मार्केटला पोचेपर्यंत खालून पाणी गळायला लागलं होतं. आपला माल घेणारे शेठ, ज्यांचे आजोबा राजस्थानातून आले आणि जे स्वतः आपल्यासारखंच बोलतात, त्यांनी एक क्रेट सगळ्यांदेखत पालथा केला. "भाऊ, तुमचा बी माल आता उलटा करून बघायचा का?" शेजारचा एक शेतकरी हसून म्हणाला, "पावणं, आज सॉस करूनच आणलाय जणू." मी पिकअपला टेकून बघत होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "माझ्याच हातनं झालं." माझ्याकडे पाहिलंतसुद्धा नाही. त्यानंतर शेवटपर्यंत तुम्ही प्रत्येक क्रेट स्वतःच पालथा करून दाखवायचात. मला बरं वाटायचं. आजही वाटतं.

बारावीत मी त्या विषयात नापास झाले. नर्सिंगला जायचं ठरवलं होतं ते राहिलं, पुढे बी.ए. केलं. घरातली पहिली पदवीधर म्हणून लोकांनी पेढे मागितले. तेव्हा तुम्ही नव्हतात. असतात तरी मी तुम्हाला पेढा दिला नसता.

काल ही गोष्ट संपल्यावर पिंपळवंडीच्या एका मुलीने हात वर केला. तिच्या घरीही टोमॅटो असतात. "ताई, आमच्यात तोडा दहाच्या आत उरकतोच, गाडी मार्केटला लावायची आसती. तुमचं प्रॅक्टिकल कितीला व्हतं?"

"अकराला."

"मंग?"

मागून कुणीतरी म्हणालं, "ताईचंच टाइमटेबल गंडलं व्हतं वाटतं." सगळ्या हसल्या. मी त्यांना वह्या उघडायला सांगितलं.

अण्णा, कॉलेज मार्केटच्या वाटेवरच होतं. अकराला वीस मिनिटं होती. तुम्ही ड्रायव्हरला फाटकासमोर गाडी थांबवायला लावलीत आणि मागे वळून म्हणालात, "उतर. आसंल अजून टाइम." मी म्हटलं, "आता काय उपयोग नाय, चला."

उपयोग होता. पण उतरले असते तर क्रेट पालथा होताना तुमचं तोंड बघायला मिळालं नसतं. त्या सकाळी मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. हे मी मुलींना अजून सांगितलेलं नाही.