कोठीच्या खोलीतून लिहिणारी बाई

प्रिय आई,

काल सर मला परत न्यायला आले होते, चर्चच्या पाळकसाहेबांना घेऊन. तुला जाऊन पाच महिने झाले, आता मी लातुरात एकटी कशी राहणार, देवानं जोडलेलं घर मोडू नये, असं सगळं बोलणं झालं. मी सलाम केला, चहा दिला आणि नाही म्हणाले. सर मात्र खिडक्या किती, दारं किती, असं मोजल्यासारखी नजर फिरवत बसले. पण निघताना पाळकसाहेब उंबऱ्यात थांबले आणि म्हणाले, "सुनीता, आज तुझी आई असती ना, तर तिनंच तुला हाताला धरून नांदेडला नेऊन सोडलं असतं."

आई, यावर माझ्याकडं उत्तर होतं गं! पण ते मी तुलासुद्धा कधी सांगितलं नाही, त्यांना काय सांगणार? ते गेल्यावर कपबशा धुवायलाही हात उचलेना. म्हणून लिहायला बसले.

आधी राग काढते. चिडू नकोस.

लग्नानंतर पाचव्या वर्षी मी एक पिशवी घेऊन तुझ्याकडं आले होते. तू मेथी निवडत होतीस. मी म्हणाले, "आई, मला तिथं श्वास घेता येत नाही."

"मारतो का?"

"नाही."

"पितो?"

"नाही."

"मग?"

त्या 'मग'ला मला उत्तर देता आलं नाही. काय सांगणार होते? नवरा नांदेडातला नावाजलेला फिजिक्सचा मास्तर. खाली क्लास, वर मुलींचं हॉस्टेल, आणि मी हॉस्टेलची रेक्टर मॅडम. सगळं जग त्यांना सर म्हणतं म्हणून मीही सरच म्हणायची. आवाज कधी चढला नाही त्यांचा. फक्त मी कुठं गेले, कुणाशी बोलले, किती वेळ बोलले, हे त्यांना रोज ऐकायचं असायचं. आधी भाजी आणायला जाणं बंद झालं, मग उपासनेला एकटीनं जाणं, मग तुला फोन करायचा तर त्यांच्यासमोर.

तू माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केलीस आणि दुसऱ्या दिवशी मला नांदेडच्या एसटीत बसवलंस. खिडकीशी येऊन म्हणालीस, "सहन कर. देव बघतोय."

देवाचं ठाऊक नाही, सर मात्र बघत होते! त्याच वर्षी त्यांनी हॉस्टेलभर कॅमेरे लावले. जिन्यात, मेसमध्ये, आमच्या स्वयंपाकघरातसुद्धा. खाली शिकवता शिकवता मोबाईलवर बघायचे. गेटला बाहेरून कुलूप, किल्ली त्यांच्या खिशात. पालक खूश. "लई शिस्त हाय सरांची," म्हणायचे. संध्याकाळी चाळीस मुलींची हजेरी घेऊन मजल्याचं दार लावून घ्यायचं काम माझं. त्यांना कोंडणारीही मीच, आणि त्यांच्यासोबत कोंडलेलीही मीच.

कॅमेरा नव्हता तो एका कोठीच्या खोलीत. तांदूळ-डाळीची पोती, तेलाचे डबे आणि वर एक वीतभर झरोका. एका दुपारी मी तिथं गेले तर पोत्यांच्या आड कावेरी बसलेली. उमरीकडची शेतकऱ्याची पोर, डॉक्टर व्हायला आलेली. रडून डोळे सुजलेले. हातात हजेरीचा टॅब.

मी काही विचारायच्या आत म्हणाली, "मॅडम, सरांना सांगू नका. म्या गेम खेळून नाही राहिले. तुमच्या देवाचं चॅट हाय एक. रडू आलं की लिहिते तिथं. एक बाई बोलते."

"तू कशी लिहितेस गं तिथं? तू तर आमच्यातली नाहीस."

"त्या बाईनं कुठं विचारलं?"

आई, ती तू होतीस. पण तेव्हा मला हे माहीत नव्हतं. चर्चच्या मंडळीसाठी तू मोबाईलवर प्रार्थनेचं काहीतरी काम करतेस, एवढंच तू सांगितलेलं, तेही सर शेजारी बसलेले असताना फोनवर. मला वाटलं, ग्रुपवर बायबलची वचनं पाठवत असशील.

पुढं आठवडाभर मी तिकडं फिरकले नाही. मग एका दुपारी तीन वाजता, मुली खाली क्लासला असताना, पोत्यावर बसून लिहिलं, "मी नांदेडची एक बहीण. नाव सांगत नाही."

तीन टिंबं कितीतरी वेळ हलत राहिली. मग उत्तर आलं. "नाव राहू द्या. जेवलात का?"

मी वचनाची वाट बघत होते, उपदेशाची वाट बघत होते. 'जेवलात का' वाचून पोत्यावर डोकं टेकून रडले.

मग रोज तीन ते चार लिहायला लागले. तुझ्या 'मग?'ला मला देता आलं नव्हतं ते उत्तर त्या परक्या बाईला महिनाभर देत होते! तिनं एकदाही विचारलं नाही की मारतो का, पितो का. एकदा एवढंच विचारलं, "दाराची किल्ली कुणाकडं असते?" मी लिहिलं, "त्यांच्याकडं." मग तू लिहिलंस, "उद्या तीन वाजता या. मला एक सांगायचंय."

दुसऱ्या दिवशी तू लिहिलंस ते अजून पाठ आहे मला.

"मी सरकारी नर्स होते, किल्लारीकडच्या एका खेड्यात. भूकंपात माझं माळवदाचं घर बसलं. मी दुपारपर्यंत दगडमातीखाली होते. एक लाकूड आडवं अडकलं म्हणून वाचले. डाव्या हाताची करंगळी तेव्हापासून वळत नाही."

मी ते वाक्य परत वाचलं. ती करंगळी! तिला धरून मी संडे स्कूलला जायची. हात धुताना ती एकटीच सरळ राहायची, आणि मला हसू यायचं.

आई, तेव्हाच लिहायला हवं होतं ना, "अगं, मी सुनीता"? नाही लिहिलं. कारण खाली अजून टिंबं हलत होती, आणि तू पुढं काय सांगणार आहेस ते मला ऐकायचं होतं. मुलगी म्हणून मला तू ते कधीच सांगितलं नसतंस.

तू लिहिलंस, "मंडळीत उभी राहून मी आजवर देवाच्या कृपेची साक्ष देत आले, की ढिगाऱ्याखाली मी स्तोत्रं म्हणत होते आणि देवानं मला माझ्या घरासाठी वाचवलं. बाई, ते खोटं आहे. त्या दिवशी सकाळी मी घर सोडून मुदखेडला माहेरी जाणार होते. कपड्यांची बॅग भरून दाराशी ठेवली होती. नवरा दुसऱ्या गावी मास्तर होता. शनिवारी यायचा आणि आठवडाभरात मी कोणाकोणाच्या घरी बाळंतपणं केली, किती वेळ थांबले, याचा जबाब घ्यायचा. अडकले तेव्हा पहिल्यांदा वाटलं, बरं झालं, आता कुणी विचारायचं नाही. वरून माणसं हाका मारत फिरत होती आणि मी गप्प होते. मग एका बाईनं 'सिस्टर, सिस्टर' असा टाहो फोडला. मला काय झालं कुणास ठाऊक, मी शिव्या द्यायला लागले. 'आरं मी हितं हाय, हितं खणा' म्हणून घसा फाटेस्तोवर ओरडले. ओरडले म्हणून सापडले. नंतर सगळे म्हणाले, देवानं नवऱ्यासाठी वाचवलं. मग बॅगेचं कुणाला सांगणार?"

आई गं! पप्पा तुझ्याशी असे वागायचे? आणि मला त्यांची लाडकी म्हणून मिरवताना तू बघत राहिलीस?

शेवटी तू लिहिलंस, "माझी मुलगी एकदा माझ्याकडं असंच सांगायला आली होती. मी तिला परत पाठवलं. तिचा फोन येतो, ती 'बरी आहे' म्हणते, आणि ते खोटं आहे हे मला कळतं. तुम्ही गप्प राहू नका. चार माणसं असतील तिथं मोठ्यानं सांगा."

मी टॅब जागेवर ठेवला आणि त्यानंतर त्या खोलीत गेले नाही.

पुढच्या रविवारी पालकसभा होती. हॉल भरलेला, गेट उघडं. सर माईकवर निकाल सांगत होते. मी मागच्या रांगेत उभी राहिले. म्हणाले, "गेटला बाहेरून कुलूप असतं. आत चाळीस मुली असतात, आणि मी असते. आग लागली तर आम्ही कुठून निघायचं?"

सर हसून माईकवर म्हणाले, "मॅडमची तब्येत बरी नसते हल्ली."

मला वाटलं, संपलं. तेवढ्यात कावेरीची आई उठली, डोक्यावरचा पदर सावरत. "सर, पोरगी शिकाया ठिवली हाय, कोंडाया न्हाई. किल्ली आत ठिवा, न्हाईतर म्या आत्ताच घिऊन जाते तिला." मग दुसरा एक बाप उठला, मग तिसरा. त्या दिवसापासून कुलूप आतून लागतं आणि किल्ली आत, खिळ्याला टांगलेली असते. कावेरीनं नंतर कळवलं.

मी सभा संपायची वाट पाहिली नाही. उघड्या गेटातून निघाले ती सरळ एसटी स्टँडवर, नेसत्या साडीनिशी. तुझ्या दाराशी आले. तू दार उघडलंस, माझ्या रिकाम्या हातांकडं बघितलंस आणि म्हणालीस, "ये." बास, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला तू चष्मा लावून, मोबाईल पुढ्यात ठेवून बसलीस. मी बाजेवर पडून बघत होते. चार वाजेपर्यंत बसलीस. कुणाचं काही आलं नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी तू हात जोडून कुणासाठी तरी प्रार्थना केलीस. मला माहीत होतं कुणासाठी! मी चार हातांवर होते, आई. तोंड उघडलं नाही.

का नाही उघडलं? लाज वाटली. तुझं आयुष्यभर झाकलेलं मी परक्या बाईच्या नावानं ऐकलं होतं. मी बोलले असते तर तुला माझ्यासमोर ते खरं आहे म्हणावं लागलं असतं. सरांच्या घरातून सुटून मी या गप्प बसण्यात येऊन अडकले. सव्वा वर्ष आपण एका ताटात जेवलो आणि दोघींनी पप्पांच्या फोटोला हार बदलला.

दवाखान्यातल्या त्या सकाळी तुला धाप लागलेली होती. मी पेज भरवत होते. तू अचानक म्हणालीस, "सुनी, नांदेडची एक बाई लिहायची मला. मधेच थांबली. तिचं काय झालं असेल गं?"

तू माझ्याकडं बघत होतीस, एकटक. तुला ठाऊक होतं का? ठाऊक असून मला वाट करून देत होतीस? की खरंच त्या बाईचा घोर लागला होता तुला?

मी म्हणाले, "सुटली असेल."

"सुटली का?"

"हो."

"मग बरं," म्हणालीस आणि डोळे मिटलेस. पुढचा घास घेतला नाहीस.

'ती मीच, आई.' तीन शब्द होते. तेवढेही मी दिले नाहीत तुला.

म्हणून आज हे वचन देते. येत्या रविवारी उपासनेनंतर साक्षीला उभी राहणार आहे. तू मला परत पाठवलंस ते सांगेन, आणि तूच मला बाहेर काढलंस तेही सांगेन. बॅगेचंही सांगेन, शिव्यांचंही सांगेन. लोक तोंडं फिरवतील, पाळकसाहेब मधेच थांबवतील. थांबवू देत. सगळं बोलून झाल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

तुझी,
सुनी
(नांदेडची ती बाई)