दुसऱ्या बादलीतलं बी

अहो,

मी आपल्या धाकट्या लेकाची भाड्याची खोली रिकामी करायला गेलेय. घरमालक सारखा फोन करतोय. न्हाणीघरात मक्याचं बी झिंकच्या पाण्यात भिजतंय. उठल्याबरोबर बाहेर काढा, सावलीत सुकवा आणि आजच पेरा. ते पाणी वासराच्या तोंडाला लागू देऊ नका.

रागावू नका, पण नेहमीच्या सवयीने मी दोन बादल्या भिजवल्या. दुसरी त्याच्या तुकड्यासाठी. बी पाण्यात पडल्यावर आठवलं, तो आता नाही. भिजलेलं बी काही परत पोत्यात भरता येत नाही.

त्याचा तुकडा पडीकच ठेवायचा म्हणालात, तेव्हा मी ऐकलं. आज मात्र तिथे जाच. ओळ वाकडी गेली तरी चालेल, त्याचीही वाकडीच जायची.